हजार वर्षं उभं आहे, हा पुरावा नव्हे

‘तंजावूरचं मंदिर बांधलं तेव्हा कुठे होता कॉम्प्युटर?’ हा प्रश्न व्याख्यानांत, सहलीच्या बसमध्ये, फिरत्या संदेशांत आणि अलीकडे अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या व्यासपीठांवरही ऐकू येतो. विचारणाऱ्याला उत्तर नको असतं. त्याच्या मते उत्तर प्रश्नातच असतं. युक्तिवाद असा : इ.स. १०१० मध्ये राजराज चोळानं साधारण ६० मीटर उंचीचं ग्रॅनाइटचं विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचा मनोरा, पुरं केलं. ते आजही उभं आहे. त्यामुळे पडद्यावर उभारलेली संगणकी मॉडेलं, त्यांतले हजारो चौकोन-त्रिकोण आणि त्यांवरचे लाल-निळे रंग हा सगळा खटाटोप अनावश्यक आहे. अशा मंदिराला तो लावणं म्हणजे तर पूर्वजांचा अपमान.

मला हे म्हणणं मुळापासून अमान्य आहे. बांधकामांची गणितं करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि त्या विमानाखाली उभं राहून मान वर करताना जो आनंद कुणालाही होतो तो मलाही होतो. म्हणून हे लिहितो आहे. या युक्तिवादामुळे शिल्पींचं श्रेय चमत्काराच्या नावावर चढतं, आणि जी वास्तू जपायची तिची तपासणी करणाराच अपराधी ठरतो.

आधी चमत्कार. शिखरावर ८० टनांचा एकसंध दगड आहे, तो सहा किलोमीटर लांबीच्या मातीच्या उतारावरून वर नेला, आणि विमानाची सावली जमिनीवर पडतच नाही, या तीन गोष्टी कुठलाही वाटाड्या सांगतो. ८० टन ग्रॅनाइट म्हणजे सुमारे ३० घनमीटर, म्हणजे फार तर तीन मीटरपेक्षा किंचित मोठ्या बाजूचा घन. विमानावरचं शिखर त्याहून कितीतरी मोठं आहे, हे खाली उभ्या असलेल्या कुणाच्याही डोळ्यांना दिसतं. दगड ८० टनांचा असेल तर तो अख्खं शिखर नव्हे, आणि अख्खं शिखर एकसंध भरीव असेल तर त्याचं वजन ८० टन नव्हे. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. सावलीचं तर आणखी सोपं. तंजावूर विषुववृत्ताच्या उत्तरेला ११ अंशांच्या जरा अलीकडे आहे. एप्रिलच्या आणि ऑगस्टच्या उत्तरार्धात एखाद्या दिवशी माध्यान्ही सूर्य तिथे नेमका डोक्यावर येतो आणि तेव्हा सावली पायाशी जाते. ते त्या गावातल्या विजेच्या खांबाचंही होतं. बाकीच्या दिवशी विमानाची सावली पडते आणि तिच्यात माणसं बसतात.

उताराचा हिशेब मात्र सविस्तर करण्यासारखा आहे, कारण मॉडेल म्हणजे काय ते त्यातून कळतं. उतार सहा किलोमीटर लांब, शेवटी ६० मीटर उंच. वर ओंडके आणि माणसं चालायला दहा मीटर रुंदी धरा. माती स्वतःच्या बळावर उभी राहायची तर बाजूंना एकास दीड असा उतार हवा. म्हणजे मंदिरापाशी या भरावाचा तळ १९० मीटर रुंद होतो. मंदिराचं प्राकारातलं आवार साधारण २४० मीटर लांब आणि १२२ मीटर रुंद आहे. एकूण माती भरते सव्वा कोटी घनमीटरच्या वर. विमानाला लागलेला दगड भरीव धरून ढोबळ मोजला तर वीस-पंचवीस हजार घनमीटर. म्हणजे दगडाच्या पाचशेपट माती आणायची, रचायची आणि पुन्हा उचलून न्यायची. बाजूंना भिंती घातल्या तर माती वाचेल, पण मग त्या भिंतीच साठ मीटरपर्यंत उंच कराव्या लागतील. हा हिशेब करायला संगणकही लागत नाही, कागद पुरतो. पण हे मॉडेलच आहे : आकार धरला, साहित्याचा स्वभाव धरला, आकडे घातले आणि कल्पना स्वतःच्या पायांवर उभी राहते का ते पाहिलं. ही कल्पना उभी राहत नाही. विमानाभोवती वळत चढणारी वाट, मजबूत लाकडी परांची, कप्प्या, आणि दगड मोजक्या वजनाचे करून वर नेण्याची शिस्त या शक्यता तिच्यापेक्षा किती तरी पटण्याजोग्या आहेत, आणि त्यांत माणसाची अक्कल दिसते.

त्या माणसाचं नावही आपल्याला माहीत आहे. मंदिरातल्या शिलालेखात कुंजरमल्लन राजराज पेरुंतच्चन अशी मुख्य शिल्प्याची नोंद आहे. त्याच्याआधीची चोळ मंदिरं या विमानाच्या मानानं लहान होती. त्यानं एका झेपेत उंची कितीतरी वाढवली, गाभाऱ्याभोवती दोन भिंती घेऊन मध्ये प्रदक्षिणामार्ग ठेवला, वरचं विमान आतून पोकळ ठेवून दगडांचे थर आत सरकवत नेले. ज्या माणसानं हे केलं त्याच्या डोक्यात मॉडेल नव्हतं असं म्हणायला माझी जीभ धजावत नाही. त्याचं मॉडेल प्रमाणांच्या नियमांत, दोरी-ओळंब्यात आणि आधीच्या मंदिरांना कुठे तडे गेले याच्या आठवणीत होतं. ‘तेव्हा गणित कुठे होतं?’ असं विचारणारा त्याच्या हातातलं गणितच हिरावून घेतो.

हा आक्षेप नवीनही नाही. १७४२ च्या सुमारास रोममधल्या सेंट पीटरच्या घुमटाला पडलेल्या भेगांनी पोप चौदावे बेनेडिक्ट चिंतेत पडले आणि त्यांनी बॉस्कोविच, ल सर आणि जाकिए या तीन गणितज्ञांना तपासणी करायला सांगितलं. त्यांच्या अहवालावर तेव्हा हीच हरकत आली : मायकेलअँजेलोनं घुमट गणिताशिवाय उभारला, मग दुरुस्तीला गणित कशाला? पुढे पादुआच्या जोवान्नी पोलेनीनं एक साखळी टांगली, घुमटाच्या प्रत्येक भागाच्या वजनाच्या प्रमाणात तिच्यावर वजनं अडकवली, आणि साखळीनं घेतलेला आकार उलटा करून तो घुमटाच्या जाडीत बसतो का ते पाहिलं. तो बसला. घुमट तत्काळ कोसळणार नाही, हे त्या टांगत्या साखळीनं सांगितलं. तरी घुमटाभोवती लोखंडी कड्या घालाव्यात असा सल्ला त्यानं दिला, आणि त्या घातल्या गेल्या. मायकेलअँजेलोचा त्यात अपमान झाला असं आज रोममध्ये कुणी म्हणत नाही.

आता मूळ मुद्दा. ‘हजार वर्षं उभं आहे’ यातून काय सिद्ध होतं? आजवर ज्या जोरांना ते सामोरं गेलं त्यांत ते पडलं नाही, एवढंच. उद्याविषयी त्यातून काही निघत नाही. २०१० हे तंजावूरच्या मंदिराचं सहस्राब्दी वर्ष. त्याच वर्षी २६ मे रोजी श्रीकालहस्तीचं सात मजली राजगोपुर कोसळलं. कृष्णदेवरायानं १५१६ साली बांधलेलं हे गोपुर जवळजवळ पाचशे वर्षं उभं होतं. २५ मे रोजी त्याच्यापुढे उभं राहून कुणीही म्हणू शकला असता की, पाचशे वर्षं उभं आहे, हाच पुरावा. भेगा मात्र त्याआधीपासून दिसत होत्या. तंजावूरचं विमान वरपर्यंत ग्रॅनाइटचं आहे आणि गोपुरांचे वरचे मजले विटांचे असतात, हा फरक मला मान्य आहे. दोन्ही वास्तू एकच आहेत असं मी म्हणत नाही. युक्तिवाद मात्र एकच आहे, आणि तो श्रीकालहस्तीला एका संध्याकाळी पडला.

इटलीतल्या पाव्हिया शहराचा मनोरा तर अकराव्या शतकातला, म्हणजे तंजावूरच्याच काळातला. १७ मार्च १९८९ च्या सकाळी तो भूकंप नसताना, वादळ नसताना खाली आला आणि चार माणसं गेली. नंतरच्या अभ्यासांनी दाखवलं की, विटा-चुन्याचं जाड बांधकाम सततच्या दाबाखाली वर्षानुवर्षं सूक्ष्मपणे झिजत, फाटत राहतं. दाब तोच असतो, सहनशक्ती कमी होत जाते, आणि एके दिवशी दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात. तिथे जुनेपण ही हमी नव्हती. तेच कारण होतं.

‘पण मंदिरानं सहा मोठे भूकंप पचवले आहेत’ असं लगेच सांगितलं जातं. तंजावूर जिल्हा भारतीय मानकाच्या २०१६ च्या भूकंप नकाशात दुसऱ्या विभागात, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात येतो. जिथे मोठा हादरा क्वचितच पोचतो तिथे तो पचवल्याचं प्रमाणपत्र देता येत नाही. उलट, शांत मानल्या गेलेल्या जमिनीवर विसंबून राहिल्यानं काय होतं हे मराठी माणसाला कुणी सांगायला नको.

११ डिसेंबर १९६७. पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटं. दख्खनच्या पठारावर मोठा भूकंप होत नाही असं तोवर मानलं जाई. कोयनानगरची घरं पडली, दीडशेहून अधिक माणसं मेली. १०३ मीटर उंचीचं धरण मात्र उभं राहिलं. इथे ‘उभं राहिलं’ म्हणून थांबणारा अभियंता असता तर पुढची गोष्ट घडलीच नसती. धरणाच्या उंच, पाणी न सांडणाऱ्या भागांना दोन्ही अंगांनी आडव्या भेगा पडल्या होत्या, आणि त्या तळाशी नव्हत्या. त्या माथ्यापासून साधारण ३६ मीटर खाली होत्या, जिथे धरणाच्या मागच्या अंगाचा उतार एकदम बदलतो आणि बांधणी जणू मान आवळल्यासारखी होते.

धरणाची रचना करताना भूकंपासाठी वजनाच्या पाच टक्के इतका आडवा जोर धरला होता, आणि तो तळापासून माथ्यापर्यंत सारखाच. तेव्हाची रीत तीच होती. त्यात कुणाची हयगय नव्हती. त्या हिशेबानं धरणात काळजी करण्याजोगा ताण कुठेच येत नव्हता. प्रत्यक्षात धरणाच्या आत बसवलेल्या यंत्रानं प्रवाहाच्या दिशेनं गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ४९ टक्के आणि धरणाच्या लांबीच्या दिशेनं ६३ टक्के इतकं त्वरण नोंदवलं. पण आकडा मोठा होता एवढ्यावरून भेगा मानेशीच का पडल्या ते कळत नाही. ते सांगितलं बर्कलीत अनिल चोप्रा आणि पी. चक्रवर्ती यांनी केलेल्या फायनाइट एलिमेंट विश्लेषणानं. ते १९७३ साली प्रसिद्ध झालं. धरणाच्या छेदाचे लहान लहान तुकडे केले, प्रत्येकाला काँक्रीटचं वजन आणि ताठरपणा दिला, अडवलेल्या पाण्याचा हिसका धरला, आणि त्या पहाटेची खरी नोंद सेकंदाच्या बारीक बारीक हिश्श्यांनी या आकृतीला खालून दिली. धरण अखंड ठोकळ्यासारखं सरकत नाही, ते डुलतं; माथा सर्वांत जास्त डुलतो; आणि जिथे जाडी एकदम कमी होते तिथे तो हिसका एकवटतो. गणितानं जिथे ताण काँक्रीटच्या सहनशक्तीच्या बराच वर दाखवला, भेगा तिथेच होत्या. पुढे धरणाला मागून टेकू बांधून बळकटी देण्यात आली. जगभरच्या अभियांत्रिकी सॉफ्टवेअरमध्ये आजही नवं मॉडेल तपासायचं म्हटलं की कोयनेचा छेद आणि कोयनेची नोंद घालून पाहतात.

यावर ‘भेगा आधी आणि गणित मागाहून, ही पश्चातबुद्धी’ असं उत्तर मिळतं. मी ते नीट ऐकून घेतो, कारण त्यात अर्धं सत्य आहे. पण भेग पडल्यावरही ती का पडली हे कळायलाच लागतं. नाहीतर डागडुजी भेगेवर होते, कारणावर होत नाही. आणि एकदा कळलं की पुढच्या धरणाच्या बाबतीत ते ज्ञान आधी हाताशी असतं. उंचीभर सारखा जोर धरण्याची रीत किती दिशाभूल करते हे कोयनेनं शिकवलं, आणि ते मोठ्या किमतीला शिकवलं. श्रीकालहस्तीच्या गोपुराचं असं विश्लेषण भेगा दिसू लागल्या तेव्हाच कुणी हट्टानं करून घेतलं असतं तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

मला दुसऱ्या बाजूशीही भांडायचं आहे, आणि ती बाजू माझ्याच व्यवसायातली आहे. मंदिराचा आकार संगणकात भरायचा, सगळा दगड एकजीव ठोकळा धरायचा, बटण दाबायचं आणि हिरव्या-निळ्या रंगाचं चित्र अहवालाच्या मुखपृष्ठावर छापून ‘सुरक्षित’ असा शेरा मारायचा, हे मी पाहिलं आहे. अशा चित्रांनीच विरोधकांच्या हाती कोलीत दिलं. तंजावूरचं उदाहरण घ्या. ६० मीटर उंचीचा भरीव ग्रॅनाइटचा सुळका धरला तरी तळाशी सरासरी दाब चौरस मीटरला ५० टनांच्या आसपास येतो. चांगला ग्रॅनाइट चिरडायला चौरस मीटरला दहा हजार टन किंवा अधिक दाब लागतो. गाभाऱ्याच्या पोकळीमुळे खरा दाब दुप्पट झाला असं मानलं तरी शंभरपट सहनशक्ती उरते. म्हणजे दगड चिरडेल का, या प्रश्नाचं उत्तर पाठकोऱ्या कागदावर मिळतं. त्यासाठी रंगीत चित्र काढणं म्हणजे जो प्रश्न नव्हताच त्याचं उत्तर देणं.

खरे प्रश्न वेगळे आहेत. केंब्रिजच्या जॅक हेमन यांनी १९६६ साली दगडी बांधकामाविषयी जे मांडलं त्याचा गाभा असा की, अशी वास्तू दगडाच्या ताकदीवर नव्हे, तिच्या भूमितीवर उभी असते. लगोरी पडते तेव्हा चिप्पी फुटलेली नसते. वजनाची रेषा आधारातून बाहेर गेलेली असते. म्हणून विमानाच्या बाबतीत विचारायला हवं ते हे : आत सरकत जाणाऱ्या थरांतून वजनाची रेषा कुठून उतरते? सांधे किती उघडू शकतात? तळाची जमीन एका कोपऱ्यात दुसऱ्यापेक्षा जास्त खचली तर काय होईल? ‘मंदिराला पायाच नाही’ असं अभिमानानं सांगितलं जातं. हजारो टन वजन जमिनीला जिथे भेटतं ती जागा म्हणजे पाया. तो उथळ असू शकतो, नसू शकत नाही. आणि पाया उथळ असेल तर कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातली माती, तिच्यातलं पाणी आणि दरवर्षी होणारा पाण्याचा उपसा यांच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं. हे प्रश्न एकजीव ठोकळ्याच्या मॉडेलला विचारताच येत नाहीत. त्यासाठी दगड वेगळे, सांधे वेगळे, जमीन वेगळी धरावी लागते, सांध्यांना ओढ सहन होत नाही हे गणितात लिहावं लागतं, आणि मग हिशेब इतका मोठा होतो की तो संगणकाशिवाय होत नाही. मद्रास आयआयटीत वारसा वास्तूंच्या सुरक्षिततेवर काम करणारं राष्ट्रीय केंद्र आहे आणि दाक्षिणात्य मंदिरांची गोपुरं, मंडप यांच्यावर तिथल्या संशोधकांनी अशा प्रकारचा अभ्यास केला आहे. गोपुर एका तऱ्हेनं वागतं आणि सुटे खांब-तुळया असलेला मंडप दुसऱ्या. दोघांना एकच पद्धत लावून चालत नाही, हे ज्यांना कळतं त्यांच्याच हाती हे काम हवं.

मॉडेल चुकलं तर किती चुकतं याचं उदाहरण मी लपवणार नाही, कारण ते नेहमी आमच्या अंगावर फेकलं जातं. २३ ऑगस्ट १९९१ रोजी नॉर्वेच्या खाडीत स्लाइप्नर ए या तेलविहिरीच्या फलाटाचा काँक्रीटचा तळ चाचणीत बुडाला. सुमारे ७० कोटी डॉलरचं नुकसान झालं. कारण फायनाइट एलिमेंट मॉडेलच होतं : तीन कोठ्या जिथे मिळतात त्या भिंतीचे तुकडे फार मोठे घेतले, आणि तिथला कातर-ताण ४७ टक्के कमी दाखवला गेला. भिंत त्यामुळे कमजोर बांधली गेली. एवढं सांगून विरोधक थांबतात. पुढचं असं की, अपघातानंतर त्याच पद्धतीनं, पण काळजीपूर्वक केलेल्या विश्लेषणात ती भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली होती. पद्धत बरोबर होती. पडताळा घेणारं डोकं गैरहजर होतं. यावरचा उपाय पडताळा सक्तीचा करणं हा आहे. स्लाइप्नर बुडाला म्हणून गणित सोडायचं, तर श्रीकालहस्ती पडलं म्हणून परंपरागत स्थापत्यही सोडावं लागेल, आणि ते कुणीच शहाणा म्हणणार नाही.

मग सर्वांत गंभीर आक्षेप येतो, आणि तो जाणकारांकडून येतो. हजार वर्षांपूर्वीच्या दगडाचे, सांध्यांचे, जमिनीचे गुणधर्म तुम्हाला ठाऊक कुठे आहेत? माहीत नसलेले आकडे घालून माहीत नसलेलं उत्तर काढणार! पवित्र वास्तूला भोकं पाडून नमुने काढता येत नाहीत, आणि काढूही नयेत. हे सगळं खरं आहे. उत्तर पिसाला मिळालं.

पाव्हियाचा मनोरा पडल्यावर घाबरून इटलीनं जानेवारी १९९० मध्ये पिसाचा झुकता मनोरा लोकांसाठी बंद केला. त्याच्या खालची चिकणमाती नेमकी कशी वागते हे कुणाला आधी माहीत नव्हतं. जॉन बर्लंड आणि डेव्हिड पॉट्स यांनी मॉडेलला आधी भविष्य विचारलं नाही, भूतकाळ विचारला. ११७३ साली सुरू झालेलं बांधकाम, मध्ये पडलेले दीर्घ खंड, पुन्हा चढलेले मजले, हे सगळं त्याच क्रमानं गणितात घातलं आणि मनोरा इतिहासात जसा झुकत गेला तसा गणितातही झुकतो का ते पाहिलं. आकडे त्या कसोटीवर घासून निवडले. मगच विचारलं की, उंच बाजूच्या खालून थोडी थोडी माती काढली तर मनोरा सावरेल की पडेल. मॉडेलनं सावरेल असं सांगितलं. तरी त्यांनी एकदम विश्वास ठेवला नाही. आधी थोडीच माती काढून पाहिलं, रोज मोजलं, आणि मग २००१ पर्यंत काम पुरं केलं. झुकाव सुमारे अर्ध्या अंशानं कमी झाला. डिसेंबर २००१ मध्ये मनोरा पुन्हा उघडला. मधल्या काळात, सप्टेंबर १९९५ मध्ये, दुसरा एक उपाय करताना मनोरा अचानक दक्षिणेकडे हलला होता आणि काम थांबवावं लागलं होतं, हेही सांगितलं पाहिजे. ते कळलं, कारण मोजमाप चालू होतं.

तंजावूरला असं करता येईल आणि दगडाला ओरखडाही पडणार नाही. कुठलीही उंच वास्तू वाऱ्यानं, रस्त्यावरच्या वाहनांनी, माणसांच्या वावरानं सतत कणभर थरथरत असते. ती थरथर नोंदवणारी यंत्रं नुसती ठेवायची असतात, खिळा मारावा लागत नाही. नोंदीतून विमान सेकंदाला किती वेळा डुलतं ते निघतं. मॉडेलही तेच सांगतं. दोन आकडे जुळले नाहीत तर मॉडेल चुकलं, आणि जुळेपर्यंत त्यातली गृहीतकं बदलायची. दर काही वर्षांनी पुन्हा मोजायचं. डुलण्याची गती कमी होत गेली तर कुठेतरी सांधे सैल होताहेत असं समजायचं. ज्या मॉडेलला चूक ठरण्याची संधीच दिलेली नाही ते मी स्वतः मानत नाही, आणि विरोधकांनीही मानू नये. पुण्याजवळ खडकवासल्याच्या संशोधन शाळेत, जिचा आरंभ १९१६ चा आहे, धरणांची आणि नद्यांची लहान प्रतिरूपं करून त्यांत खरं पाणी सोडून पाहतात. त्याला कुणी नदीचा अपमान म्हटल्याचं ऐकलेलं नाही.

मराठी वाचकाला हे एवढ्या तळमळीनं का सांगतो? त्या मंदिराच्या भिंतीवर आपलीही भाषा आहे. सरफोजीराजे दुसरे यांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास तिथे मराठीत कोरवून घेतला; मराठीतला सर्वांत मोठा शिलालेख म्हणून तो ओळखला जातो. मंदिराचं वंशपरंपरागत विश्वस्तपद आजही तंजावूरच्या भोसले घराण्याकडे आहे. आतल्या प्रदक्षिणामार्गात नायक काळातल्या चित्रांखाली दडलेली चोळ चित्रं १९३१ साली सापडली. भिंतीला उद्या सूक्ष्म भेग पडली तर पहिला घाव त्या रंगांच्या थरावर बसेल. सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालयात जगभरचे ग्रंथ आणून ठेवले, वैद्यकापासून वास्तुविद्येपर्यंत सगळ्याची जिज्ञासा बाळगली, पाश्चात्त्य ज्ञान घेताना संस्कृत-तमिळ-मराठी पोथ्या टाकून दिल्या नाहीत. त्यांच्या गावात ‘आमचं जुनं आहे, त्याला मोजू नका’ असं म्हणणं मला सहन होत नाही.

माझी मागणी नेमकी आहे. ५ फेब्रुवारी २०२० रोजी, २३ वर्षांनी, मंदिराचा कुंभाभिषेक झाला. त्यासाठी विमानावर परांची चढली, कळस उतरवून पुन्हा बसवला गेला. पुढच्या कुंभाभिषेकाला परांची पुन्हा चढेल. तेव्हा पुरातत्त्व खात्यानं प्रत्येक थराचं मोजमाप घ्यावं, सांध्यांची नोंद करावी आणि थरथर मोजणारी यंत्रं तळापासून माथ्यापर्यंत ठेवावीत. त्यावरून जे मॉडेल होईल ते गृहीतकांसह, कच्च्या नोंदींसह आणि त्याच्या चुकांसह तमिळ आणि मराठीत छापून सगळ्यांना खुलं करावं. परंपरागत स्थपतींना ते दाखवावं आणि त्यांचे आक्षेप लेखी घ्यावेत. कुंभाभिषेकाची तारीख ठरण्याआधी ही तयारी सुरू व्हायला हवी, कारण परांची उतरली की वरच्या थरांपर्यंत पोचण्याची संधी पुन्हा कित्येक वर्षं येणार नाही.